किराणा यादीबाहेरचा हिशेब

महिन्याचा पहिला आठवडा उजाडला, की नोकरदाराच्या घरात किराण्याची यादी निघते. तूरडाळ, साखर, गोडेतेल, शेंगदाणे, चहापूड, गूळ, पोहे, रवा, साबण. यादी पुरी झाली, की गृहिणी पेन्सिल घेऊन ती पुन्हा एकदा वाचते. शेंगदाणे एक किलोवरून अर्ध्यावर येतात, चहापूड गेल्या महिन्यापेक्षा हलकी निवडली जाते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात साखर दोन रुपयांनी महाग म्हणून ती दुसरीकडून आणावयाचे ठरते. या खाडाखोडीला कोणी अर्थशास्त्र म्हणत नाही. परंतु मर्यादित साधनांची अनेक गरजांमध्ये वाटणी करणे हाच जर त्या शास्त्राचा गाभा असेल, तर त्याचा सर्वांत चोख प्रयोग विद्यापीठात नव्हे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर दरमहा होत असतो.

या प्रयोगात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. जी वस्तू स्वस्त मिळाली, ती स्वस्त झाली कशी? ती पिकविणाऱ्याने, तोडणाऱ्याने, वाहणाऱ्याने स्वतःच्या पदरचे काही घातले काय? आणि घातले असेल, तर महिनाअखेर चार पैसे शिल्लक पाडण्यासाठी धडपडणाऱ्या कारकुनाच्या घराने त्याचा विचार करावा, अशी अपेक्षा बाळगणे कितपत रास्त आहे? प्रश्न अवघड आहे आणि त्याची दोन सोपी उत्तरे नेहमी पुढे केली जातात. एक पक्ष म्हणतो, बाजारात नीतीचे काय काम? दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक ग्राहकाने सद्सद्विवेक जागा ठेवून खरेदी केली, तर अन्याय आपोआप नाहीसा होईल. ही दोन्ही उत्तरे हिशेबाला उतरत नाहीत.

पाकिटाची बाजू

प्रथम पाकिटाची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. हा नियम आजही खोटा ठरलेला नाही. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार २०११-१२ मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५३ टक्के आणि शहरी कुटुंबात सुमारे ४३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे ४७ आणि ४० टक्क्यांच्या आसपास आले. सुधारणा झाली हे खरे. तरीही सरासरी शहरी घरात शंभरातले चाळीस रुपये आजही पोटासाठीच खर्च होतात. उरलेल्या साठांत घरभाडे, शिक्षण, औषधपाणी, प्रवास आणि लग्नकार्य बसवावयाचे असते.

अशा घरात काटकसर हा कंजूषपणा नसतो. ते एक कर्तव्य असते. साखरेत वाचविलेले दोन रुपये मुलीच्या वहीत किंवा सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीत जातात. स्वस्त वस्तू घेणाऱ्या गृहिणीला नीतीचा विसर पडला आहे, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. तिची नीती घराच्या उंबरठ्याच्या आत पूर्ण जागी असते. प्रश्न एवढाच उरतो, की त्या उंबरठ्याबाहेर तिचा हिशेब किती लांब जाऊ शकतो.

मोठ्या शहरांतील दुकानांत अलीकडे या प्रश्नावर एक तयार उत्तर मांडणीवर ठेवलेले असते. ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘थेट शेतकऱ्याकडून’ अशी अक्षरे मिरविणारी आणि नेहमीच्या मालाच्या दीडपट-दुप्पट किमतीची पाकिटे तेथे मिळतात. त्यांतील काही माल खरोखर चांगला असतो आणि तो पिकविणाऱ्याला बरा भाव मिळतही असेल. परंतु नीती ही जर दुप्पट दाम मोजणाऱ्यालाच परवडणारी वस्तू ठरली, तर ती चैनीच्या वस्तूंत जमा होईल. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्या वाट्याला मग केवळ अपराधी भावना यावयाची. ही वाटणी मान्य करण्याचे कारण नाही.

किंमत काय सांगते, काय लपविते

अर्थशास्त्रात किमतीला निरोप्याची उपमा देता येईल. माल कमी पडला, की किंमत चढते आणि ग्राहकाला सांगते, जपून वापर. माल वाढला, की उतरते आणि म्हणते, खुशाल घे. लक्षावधी अनोळखी माणसांचे व्यवहार एका आकड्यात गोळा करून ती दुकानाच्या फळीपर्यंत पोचविते. हे काम दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेला इतक्या स्वस्तात साधलेले नाही. परंतु हा निरोप्या एक गोष्ट कधीच सांगत नाही. माल कोणत्या स्थितीत तयार झाला, हे त्याच्या निरोपात नसते. आनंदाने केलेल्या कामाची साखर आणि लाचारीने केलेल्या कामाची साखर यांचे दाणे सारखेच पांढरे असतात, आणि दोन्हींचा भावही एकच असतो.

साखरेचेच उदाहरण घेणे सोयीचे आहे; कारण महाराष्ट्रातील एकही यादी तिच्यावाचून पुरी होत नाही आणि तिचा प्रवास याच राज्यात पाहावयास मिळतो. दसरा-दिवाळी आटोपली, की बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात कोपी उभारून मार्चअखेरपर्यंत त्यांचा संसार तेथेच चालतो. या व्यवहारात मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ होतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून त्या कोयत्याला ‘उचल’ मिळते, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची असते. एखाद्या दिवशी जोडीतील कोणी कामावर आले नाही, तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. हंगाम संपताना फिटली नाही, तर उचल पुढच्या वर्षावर जाते. करार कागदावर असो वा तोंडी, पाय बांधून ठेवण्याचे काम ही उचल करते.

खाड्याच्या या भीतीचा एक परिणाम २०१९ मध्ये साऱ्या देशापुढे आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मासिक पाळीचे चार दिवसही जेथे दंडाच्या हिशेबात मोजले जातात, पहाटेपासून फडात उभे राहावे लागते आणि डोक्यावरून मोळी वाहताना आजारपण लपवावे लागते, तेथे शरीराचा अवयवच अडचण वाटू लागतो, एवढे या आकड्यांवरून निश्चित दिसते. हा खर्च साखरेच्या किमतीत कोठेही लागलेला नाही. तो बाईने स्वतः भरलेला आहे.

किलोमागचे नव्वद पैसे

हे वाचून हळहळणारा ग्राहक साहजिकच विचारील, की मजुराला न्याय्य मजुरी द्यावयाची म्हटली, तर साखर किती महागेल? या प्रश्नाचे उत्तर साध्या गुणाकार-भागाकाराने मिळते, आणि ते अनेकांना चकित करणारे आहे.

जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखाने आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती धरून तोडणीचा दर टनामागे साडेतीनशे रुपयांच्या थोडा पुढे गेला. एका टन उसापासून स्थूलमानाने शंभर किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेसाठी लागणारा ऊस तोडण्याची मजुरी साडेतीन-पावणेचार रुपये पडते. ही मजुरी एकट्या माणसाची नव्हे, पुऱ्या कोयत्याची आहे. दिवसभर राबून एक जोडी दीड-दोन टन ऊस तोडते, हे लक्षात घेतले, म्हणजे दोघांच्या मिळून हाती काय येते ते कळेल.

आता ही मजुरी आणखी पाव पटीने वाढविली आणि सारा बोजा ग्राहकावर टाकला, असे धरू. किलोमागे सुमारे नव्वद पैसे वाढतील. महिन्याला चार किलो साखर घेणाऱ्या घराचा खर्च साडेतीन-चार रुपयांनी वाढेल. एक कप चहा हॉटेलात याहून महाग मिळतो. कल्याणनिधीचा हिशेब तर याहूनही लहान आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या महामंडळाला कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असे ठरले. टनाला १० रुपये म्हणजे साखरेच्या किलोला १० पैसे. २०२१ मध्ये या मजुरांच्या मुलांसाठी शासनाने मंजूर केलेल्या वसतिगृहांच्या योजनेला निधीचा आधार हाच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘न्याय परवडत नाही’ हे विधान निदान साखरेपुरते तरी खरे नाही. न्यायाची किंमत ग्राहकाच्या यादीत दिसणारही नाही इतकी थोडी आहे. मग तो मिळत का नाही?

जास्त मोजले तर?

कारण पैसा पोचावयाचा रस्ताच बांधलेला नाही. समजा, एखाद्या सहृदय शिक्षकाने दुकानदाराला किलोमागे एक रुपया अधिक दिला. दुकानदार त्यांचे आभार मानील. परंतु तो रुपया घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून कारखान्याकडे आणि तेथून फडातल्या बाईकडे कसा जाणार? वाटेत प्रत्येक टप्प्यावर तो ठेवून घेण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला तरी आहे. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. साखरेचा भाव न वाढता मजुरी वाढली, तर ती उसाच्या लहान बागाईतदाराच्या खिशातून जाते, आणि दोन गरजू एकमेकांसमोर उभे राहतात. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये ठरविला. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, ती उसाच्या दराबरोबर सरकली नाही. अशा कोंडीत मजुराची बाजू शेवटी मोजली जाते.

जास्त देणे निरुपयोगी, तर घेणेच बंद करावे काय? इतिहासात हा प्रयोगही साखरेवरच झाला आहे. १७९१ मध्ये विल्यम फॉक्स यांनी इंग्लंडमध्ये एक पत्रक काढून, गुलामांच्या श्रमांतून निघालेली वेस्ट इंडिजची साखर सोडण्याचे आवाहन केले. आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने ती एकवीस महिने वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल, असा गृहिणीला कळेल असा हिशेब त्यांनी मांडला होता. हजारो घरांनी साखर सोडली. काहींनी हिंदुस्थानातून येणारी साखर घेतली. तरीही गुलामांचा व्यापार बंद झाला तो १८०७ च्या कायद्याने, आणि ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपुष्टात आली ती १८३३ च्या कायद्याने. चहाच्या टेबलावरील त्यागाने साखरेचे मळे बुडाले नाहीत. त्याने लोकमत घडविले, आणि लोकमताने पार्लमेंट हलविले.

बीडच्या मजुराच्या बाबतीत तर बहिष्कार उलटा पडेल. त्याला ऊसतोडीचे काम नको आहे असे नाही. त्याला ते माणसासारखे हवे आहे. साखर खपली नाही, तर पहिला उपाशी राहील तोच.

युरोपात तिसरा मार्ग निघाला. १९८८ मध्ये हॉलंडमध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या नावाचा शिक्का कॉफीवर उमटू लागला. किमान भावाची हमी घेऊन उत्पादकाकडून घेतलेला माल ओळखता यावा, हा त्याचा हेतू. ग्राहकाचा जादा पैसा उत्पादकापर्यंत नेणारी वाट त्या शिक्क्याने थोडीफार बांधली, हे त्याचे श्रेय होय. परंतु श्रीमंत देशातील ग्राहक आणि निर्यातीचा माल यांच्यापुरती ती वाट आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात पोत्यातून सुटी मिळणाऱ्या साखरेवर असा शिक्का कोण उमटविणार?

ओरड आणि मौन

येथवरचा हिशेब ग्राहकाला निराश करील. त्याचा पैसा पोचत नाही, त्याच्या त्यागाने काम होत नाही. परंतु पैशाखेरीज ग्राहकाजवळ आणखी एक शक्ती आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन मार्गांमधील फरक मांडला. एखाद्या व्यवस्थेशी न पटणारा माणूस एक तर तिच्यातून बाहेर पडतो किंवा तिच्यात राहून आवाज उठवितो. दुकान बदलणे हा पहिला मार्ग. तो दुर्बळ असेल, तेथे दुसरा उरतो. आणि भारतातील शहरी ग्राहकाचा आवाज दुर्बळ मुळीच नाही.

कांद्याचा इतिहासच पाहावा. कांदा महागला, की वृत्तपत्रांत रकाने भरतात, विधिमंडळात आणि संसदेत आवाज उठतो, मंत्रिमंडळे चिंतेत पडतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी ४ मे २०२४ पर्यंत राहिली. नाशिक जिल्ह्यातील उत्पादकांनी लिलाव बंद पाडले, रस्ते अडविले. तरी बंदी चालूच राहिली. ग्राहकाने कांद्याला चार रुपये अधिक मोजावेत की नाही, हा वाद घरोघर चालला असेल. प्रत्यक्षात त्याच्या पाकिटापेक्षा त्याच्या नाराजीच्या धास्तीनेच लासलगावच्या बाजाराचा भाव ठरविला.

तूरडाळीची कथा अशीच आहे. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि देशभर ओरड झाली. ती रास्त होती. गरिबाच्या ताटातील प्रथिनांचाच तो प्रश्न होता. सरकारने आयात वाढविली, शेतकऱ्याला तूर पेरण्याचे आवाहन केले. शेतकऱ्याने ती पेरली, पाऊस चांगला झाला आणि २०१७ च्या आरंभी तुरीचे अमाप पीक आले. क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारातला भाव त्याच्या बराच खाली गेला. खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदान संपले म्हणून मापे थांबली, उघड्यावर तूर घेऊन शेतकरी रात्री काढू लागला. त्या वेळी स्वस्त झालेल्या डाळीचे वरण खाणाऱ्या शहरांतून कोणती ओरड झाली? कोणतीही नाही. महागाईत बोलणारा ग्राहक स्वस्ताईत मौन पाळतो.

ग्राहकाच्या नीतीचा खरा प्रश्न येथे आहे. तो दोन रुपये अधिक देत नाही, यात त्याचा दोष फार थोडा. परंतु ज्या आवाजाने सरकारे हलतात, तो आवाज तो एकाच दिशेने वापरतो, हा दोष मोठा आहे. भाव चढला म्हणून निवेदन देणाऱ्याने भाव कोसळल्यावरही एक पत्र संपादकांना लिहिले, तर त्याच्या यादीत एका पैशाची वाढ होणार नाही.

दारातला व्यवहार

अर्थात पाकिटाची नीती सर्वस्वी निष्फळ आहे, असेही नाही. जेथे देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात, तेथे पैसा वाटेत गळत नाही. पदपथावर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ तासाभराने एखाद्या झगमगीत दुकानात छापील किंमत निमूटपणे देतो. घासाघीस ही बाजाराची जुनी रीत आहे, तिच्यात वावगे काही नाही. परंतु ती फक्त दुबळ्यापुढेच चालत असेल, तर तिला काटकसर म्हणता येणार नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे आहे. दुधाच्या बाबतीत तो ७० पैशांच्या आसपास जातो. दूध घेणारा ग्राहक कांदा घेणाऱ्यापेक्षा अधिक सहृदय असतो, असे नव्हे. नाशवंतपणात दूध कांद्याच्या पुष्कळ पुढे आहे. म्हणजे नाशवंतपणा हे कारणही पुरे पडत नाही. मोठा फरक आहे तो मधल्या व्यवस्थेचा. गावोगावच्या संकलनाची, शीतकरणाची आणि सहकारी संघांची साखळी दुधासाठी उभी राहिली. भाजीपाल्यासाठी ती तशी राहिली नाही. सद्भावनेचे काम व्यवस्थेने केले, की ते रोज आणि सर्वांसाठी होते.

संघटित ग्राहकाचे काम

म्हणून हा प्रश्न अखेर संघटनेवर येऊन थांबतो. इंग्लंडमधील रॉचडेल गावात १८४४ च्या डिसेंबरात २८ जणांनी पीठ, लोणी, साखर, ओटचा भरडा आणि मेणबत्त्या एवढ्याच मालावर दुकान थाटले. शुद्ध माल, पुरे माप आणि रोख व्यवहार हे त्यांचे नियम. ते श्रीमंत नव्हते. त्यांत विणकर आणि इतर कारागीर होते. एकट्याने जी नीती परवडत नव्हती, ती त्यांनी एकत्र येऊन परवडणारी केली. मुंबईत नायगावात १९४८ मध्ये उभा राहिलेला अपना बाजार आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली, सभासदांच्या गटांना महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करून वाटणारी मुंबई ग्राहक पंचायत ही त्याच विचाराची मराठी रूपे होत. भाव, वजन आणि शुद्धता या तीन कसोट्या या चळवळीने मध्यमवर्गाला शिकविल्या.

त्यात चौथी कसोटी मिळविण्याची वेळ आली आहे. घाऊक खरेदी करणाऱ्या ग्राहक संस्थेने कारखान्याला साखरेचा भाव विचारताना आणखी तीन गोष्टी विचारल्या तर? तोडणी मजुरांची नोंद आहे काय, खाड्याचा दंड बंद झाला आहे काय, आणि कोपींजवळ पाणी, शौचालय व मुलांच्या शिक्षणाची सोय आहे काय? एकट्या गृहिणीच्या चार किलोंना कारखाना उत्तर देणार नाही; हजारो घरांच्या एकत्रित मागणीला द्यावे लागेल. मिठाई, शीतपेये आणि बिस्किटे करणारे उद्योग तर साखरेचे फार मोठे गिऱ्हाईक आहेत. प्रश्न प्रथम त्यांना विचारला जावा आणि जो बोजा पडेल तो प्रथम त्यांच्यावर पडावा, हे न्यायाला धरून होईल. गरिबाच्या साखरेवर सरसकट पट्टी बसविणे म्हणजे एंगेलचा नियम विसरणे ठरेल.

महाराष्ट्राच्या सहकाराला तर या कामाचे ऋणच आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हा ऊस पिकविणारा मालक झाला. ती लहान क्रांती नव्हती. परंतु ऊस तोडणारा मात्र त्या सभासदपत्रिकेत आला नाही. सात दशकांनंतरही तो कारखान्याचा नोकर नसतो, तर मुकादमाचा माणूस असतो. उद्या तोडणी यंत्रे वाढली, तर तो तेथूनही बाहेर पडेल आणि त्याची नोंद नसल्याने तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. ही नोंद व्हावी, एवढी पहिली मागणी तरी ग्राहकाने आपली मानावयास हवी.

बीड-जालन्याच्या शाळांतील शिक्षकांना या विषयाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. दिवाळीनंतर वर्गातील काही बाके रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती मुले परततात, तोवर वाचन विसरलेले असते. हजेरीपुस्तकातील त्या रिकाम्या चौकटी आणि पुण्या-मुंबईच्या किराणा यादीतील ‘साखर, चार किलो’ ही ओळ एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. एक जमेची, एक खर्चाची. आजवर त्या दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिल्या गेल्या.

पुढल्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी पुन्हा निघेल. पेन्सिल पुन्हा चालेल आणि ती चाललीच पाहिजे. त्या घराला दुसरा इलाज नाही. गृहिणीने शेंगदाणे अर्ध्यावर आणावेत, साखर स्वस्त मिळेल तेथून घ्यावी. तिच्याकडून त्यागाची अपेक्षा नाही. अपेक्षा असलीच तर ती याच पेन्सिलीने, यादी संपल्यावर, एक पोस्टकार्ड लिहिले जावे एवढीच. ते आमदाराला असो, ग्राहक संस्थेला असो वा वृत्तपत्राला; त्यात स्वस्त साखरेची मागणी जरूर असावी, आणि ती तोडणाऱ्या बाईचे नाव कोठे नोंदले आहे, हा प्रश्नही असावा.